नाईलचे ताईत, गोदावरीचे मणी

इजिप्तच्या जुन्या कबरी उकरताना दगडाचे आणि काचेसारख्या चकाकत्या मातीचे मणी ओंजळी भरभरून निघतात. दोरा कुजून गेलेला असतो, कापडाचा भुगा झालेला असतो, हाडेही हात लावताच ठिसळतात. मणी मात्र पाच-सहा हजार वर्षांपूर्वी ज्या जागी पडला तिथेच, तसाच सापडतो. म्हणूनच राजांच्या नावांचा आणि लढायांचा लेखी इतिहास जिथे संपतो, त्याच्याही मागे मण्यांचा इतिहास जातो.

इ. स. पूर्व पाचव्या सहस्रकाच्या अखेरीस, वरच्या इजिप्तमधील बदारी संस्कृतीच्या लोकांना शंखजिऱ्यासारख्या मऊ दगडाचे बारीक मणी घडवून त्यांवर हिरवट-निळी झिलई चढवता येत होती. असे हजारो मणी ओवलेले कमरपट्टे त्यांच्या दफनांत मिळाले आहेत. त्यानंतरचा, सुमारे इ. स. पूर्व ३२०० चा एक शोध याहून विलक्षण आहे. कैरोच्या दक्षिणेला गेर्झे येथे १९११ साली जेराल्ड वेनराइट यांना दोन कबरींत मिळून लोखंडाचे नऊ मणी सापडले. त्या काळी इजिप्तमध्ये खनिजापासून लोखंड गाळण्याची विद्याच नव्हती. मग ते आले कुठून, या प्रश्नाचा उलगडा २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या परीक्षणांनी केला. हे लोखंड उल्केतले होते. आकाशातून पडलेला तो धातू ठोकून पातळ पत्रा केला होता आणि तो गुंडाळून नळीसारखे मणी केले होते. त्याच हारांत सोने, कार्नेलियन आणि लाजवर्द यांचे मणी होते. लाजवर्दाची खाण अफगाणिस्तानातील बदख्शानची. पिरॅमिड बांधायला अजून सहाशे वर्षे अवकाश असताना इजिप्तमधल्या खेड्यातल्या मृताच्या गळ्यात बदख्शानचा निळा दगड होता.

मण्यांच्या दगडांत कार्नेलियन, म्हणजे तांबडा अकीक, इजिप्तला फार प्रिय होता. नाईल आणि तांबडा समुद्र यांच्यामधल्या वाळवंटात त्याचे गोटे मिळत. दगड कठीण, आणि हातातली हत्यारे तांब्याची. भोक पाडताना खरे काम वाळूसारखी कठीण पूड करी. तांब्याची काडी ती पूड दगडावर घासत राही. इ. स. पूर्व पंधराव्या शतकातल्या रेखमिरे या वजिराच्या थेबीझ येथील थडग्यात मणी पाडणारे कारागीर रंगवलेले आहेत. एकाच कमानीच्या दोरीने एक कारागीर तीन-तीन सामते, म्हणजे भोक पाडायची हत्यारे, एकाच वेळी फिरवतो आहे. मण्यांना मागणी किती असेल, हे त्या एका चित्रावरून कळते.

दगड महाग आणि वेळखाऊ. त्याला इजिप्तने जो पर्याय काढला तो फायान्स. गारगोटीची बारीक पूड, थोडा चुना आणि खार यांत तांब्याचा अंश मिसळून त्याचा लगदा करत. तो वाळताना क्षार आपोआप पृष्ठभागावर येत आणि भट्टीत वितळून त्यांची चमकदार निळी-हिरवी झिलई होई. म्हणजे झिलई वेगळी लावण्याचीही गरज नसे. इजिप्शियन भाषेत या पदार्थाच्या नावाचा अर्थच ‘चकाकणारे’ असा आहे. फेरो अखेनातनच्या राजधानीत, अमार्ना येथे, फ्लिंडर्स पेट्री यांना १८९१-९२ च्या उत्खननात असे मणी आणि पदके पाडण्याचे मातीचे साचे हजारोंच्या संख्येने मिळाले. राजाच्या गळ्यातला निळा रंग साध्या घरातल्या बाळाच्या गळ्यातही दिसू लागला तो या साच्यांमुळे.

इजिप्तमध्ये मणी आणि ताईत यांच्यामध्ये रेघ ओढणे अवघड आहे. आकार, रंग आणि पदार्थ या तिन्हींना ठरलेला अर्थ होता. हिरवा-निळा रंग उगवत्या पिकाचा आणि पुनर्जन्माचा, तांबडा रक्ताचा आणि सूर्याच्या तेजाचा. होरस देवाचा बरा झालेला डोळा अंग धड राखतो, कणा दर्शवणारा ‘जेद’ स्तंभ माणसाला उभे करतो, शेणाची गोळी ढकलणारा भुंगा उगवत्या सूर्याचे रूप आहे. जिवंतपणी घालायचे ताईत निराळे असत. सिंहासारख्या तोंडाचा बुटका देव बेस आणि पाणघोड्याच्या रूपातली गरोदर देवी तावेरेत यांचे ताईत बाळंतिणींना आणि लहान मुलांना घालत. बाळाच्या मनगटात दृष्टमणी बांधणाऱ्या मराठी घरांना ही काळजी नव्याने समजावून सांगावी लागत नाही.

मृतासाठी विधी अधिक बारकाईचा होता. ‘मृतांचा ग्रंथ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मंत्रसंग्रहात कोणता ताईत कोणत्या दगडाचा, आणि तो देहावर कुठे ठेवायचा, हे सांगितलेले आहे. इसिस देवीची गाठ तांबड्या दगडाची आणि गळ्याशी. हृदयावर हिरव्या दगडाचा मोठा भुंगा, आणि त्याच्या पोटावर कोरलेली विनवणी अशी की, न्यायनिवाड्याच्या वेळी हृदयाने आपल्याच धन्याविरुद्ध साक्ष देऊ नये. हॉवर्ड कार्टर यांनी १९२५ मध्ये तुतनखामेनचा देह उलगडला तेव्हा त्याच्या पट्ट्यांच्या घड्यांत १४३ वस्तू निघाल्या. त्यांतले बहुतेक ताईत आणि दागिने होते. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये जी इजिप्शियन ममी आहे, ती १८३४ मध्ये आर्चबोल्ड नावाच्या लेफ्टनंटाने एशियाटिक सोसायटीला दिली. एकोणिसाव्या शतकात अशा ममी कबरींतून उचलून देशोदेशी नेल्या गेल्या. कोणता ताईत अंगावर कुठे होता, ही सर्वांत मोलाची माहिती त्या उचलाउचलीत कायमची गेली.

फेरोंच्या काळात कार्नेलियनसाठी इजिप्तला भारताकडे बघावे लागले नाही. घरच्या वाळवंटातले गोटे पुरत होते. गरज बदलली ती ग्रीक राज्यकर्त्यांच्या आणि पुढे रोमच्या काळात. टॉलेमी दुसरा याने इ. स. पूर्व २७५ च्या सुमारास तांबड्या समुद्राच्या काठी बेरेनिके हे बंदर वसवले, ते आफ्रिकेतून लढाईचे हत्ती आणण्यासाठी. भारत तेव्हा त्याच्या हिशेबात नव्हता. पण अरबी समुद्रावरील नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचे तंत्र इजिप्तच्या खलाशांना उमगले आणि इ. स. पूर्व ३० मध्ये इजिप्त रोमच्या ताब्यात गेला, तेव्हा हत्तींचे बंदर मिरी आणि रत्ने उतरवून घेऊ लागले. टॉलेमींच्या काळात भारताकडे मोजकीच जहाजे जात. स्ट्रेबो या ग्रीक लेखकाने आपल्या काळात एकट्या म्योस होर्मोस बंदरातून १२० जहाजे भारताकडे निघत असल्याचे नोंदवले आहे. रोमन माणसाला बोटात कोरीव खड्याची मुद्रेची अंगठी हवी होती. मेणावर ठसा उमटवायला आणि बारीक कोरायला कार्नेलियन, ओनिक्स, सार्डोनिक्स यांच्यासारखे दगड नाहीत, आणि मोठे, एकसारख्या रंगाचे दगड भारतातून येत.

हे दगड दख्खनच्या पोटातले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेल्या लाव्हातल्या पोकळ्यांत सिलिका साचून अकीक तयार झाला. खडक झिजला तसे त्याचे गोटे गोदावरी, भीमा, कृष्णा यांच्या पात्रांत आणि माळांवर विखुरले. मराठी माणूस त्यांना सरसकट गारगोट्या म्हणतो. मूळ गोटा बहुधा फिकट पिवळा किंवा तपकिरी असतो. तो उन्हात वाळवून मग राखेत मंद भाजला की आतल्या लोहाचा रंग पालटून तांबडा होतो. खंभातचे कारागीर अजूनही दगड भाजतात आणि शिंगाच्या हातोडीने त्याचे टवके काढून मण्याला आकार देतात. भोक, म्हणजे मण्याचे वेज, पाडण्यात मात्र भारतीय कारागीर इजिप्तच्या फार पुढे गेले होते. अमेरिकी संशोधक लिओनार्ड गोरेलिक आणि जॉन ग्विनेट यांनी मण्यांच्या वेजांचे ठसे घेऊन ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा हिऱ्याची कणी बसवलेल्या सामत्याच्या स्वच्छ गोल रेषा दिसल्या. हिरा भारताखेरीज त्या काळी दुसरीकडे कुठे मिळत नव्हता. तांब्याच्या काडीने ज्या कामाला तासन् तास लागत ते हिऱ्याने थोडक्या वेळात होई.

या व्यापाराचे सर्वांत चांगले वर्णन ‘पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तिकेत आहे. ती इ. स. पहिल्या शतकाच्या मध्यास लिहिली गेली. लिहिणारा इजिप्तमधला व्यापारी आहे. त्याची भाषा साहित्यिकाची नाही. कुठे काय विकते आणि कुठे खडक आहेत, एवढेच त्याला सांगायचे आहे. म्हणूनच त्याच्यावर विश्वास बसतो. बरीगाझा, म्हणजे भडोच, येथून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर, असे तो सांगतो. पैठणहून अकीकजातीचा दगड आणि तेरहून साधे व तलम कापड धड रस्ते नसलेल्या मोठ्या मुलखातून गाड्यांवर भडोचला येते, असेही त्याने नोंदवले आहे. गोदाकाठी भरलेली गाडी बैलांनी ओढत नर्मदेच्या मुखापर्यंत न्यायची, हे जिकिरीचे काम होते. जवळचे बंदर कल्याण. पण ‘पेरिप्लस’ लिहिणाऱ्याच्या काळात कल्याणला जाणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात.

त्यामागे राजकारण होते. भडोच पश्चिमी क्षत्रपांच्या ताब्यात, पैठण सातवाहनांचे, आणि दोघांनाही घाटमाथ्याची जकात हवी होती. नहपान क्षत्रपाने नाशिक-जुन्नरचा प्रदेश घेतला. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने त्याला हरवले. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या साठ्यात नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी होती आणि त्यांतल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला होता. सत्तापालटाचा इतका ढळढळीत पुरावा क्वचितच मिळतो.

इजिप्तहून जहाजे जुलैमध्ये निघत आणि मोसमी वाऱ्यावर भारताच्या किनाऱ्याला लागत. परतीचा प्रवास हिवाळ्यात ईशान्येच्या वाऱ्यावर. बेरेनिकेला उतरवलेला माल उंटांवर बारा दिवसांत वाळवंट ओलांडून नाईलकाठच्या कोप्टोसला जाई, तिथून नावेने अलेक्झांड्रियाला. वाटेत रोमन सरकार आयात मालावर पंचवीस टक्के जकात घेई. पैठणजवळच्या कारागिराला एका मण्याचे काय मिळाले असेल आणि अलेक्झांड्रियाच्या जवाहिऱ्याने तो दगड काय भावाने विकला असेल, यांतले अंतर किती मोठे होते हे या एका आकड्यावरून ताडता येते.

बेरेनिकेचे पद्धतशीर उत्खनन १९९४ पासून चालू आहे. तिथल्या मंदिरात एका भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलो काळी मिरी निघाली. सागवान, नारळ, तांदूळ, भारतीय खापरे मिळाली. दगडाच्या मण्यांबरोबर भारत आणि श्रीलंका येथे काचेच्या नळ्या ओढून, त्यांचे तुकडे करून बनवलेले रंगीत बारीक मणीही मिळाले. २०२२ मध्ये इसिस देवीच्या मंदिराच्या आवारात बुद्धाची संगमरवरी मूर्ती सापडली. त्याच मंदिरात रोमन सम्राट फिलिपच्या काळातला, म्हणजे इ. स. २४४ ते २४९ या दरम्यानचा, एक संस्कृत लेख आहे. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या शोधांत दोन सातवाहन नाणीही होती. ‘पेरिप्लस’ने शब्दांत सांगितलेली पैठणची वाट त्या दोन नाण्यांनी दुसऱ्या टोकावरून पुरी केली.

माल उलट दिशेनेही येत होता. भडोचला उतरणाऱ्या वस्तूंत ‘पेरिप्लस’ने कच्ची काच सांगितली आहे. कोल्हापूरजवळ पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी येथे १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी केलेल्या उत्खननाआधी तिथे रोमन कांस्यवस्तूंचा साठा हाती आला होता. त्यातली समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती आज कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. नेवासे (१९५४-५६) आणि भोकरदन (१९७३) येथील सातवाहन थरांत कार्नेलियन, अकीक, स्फटिक आणि काच यांचे मणी विपुल मिळाले.

एवढी देवघेव झाली, तरी दख्खनी माणसाने होरसचा डोळा गळ्यात बांधला नाही, की इजिप्तच्या मृताने त्रिरत्न बांधले नाही. तक्षशिलेच्या सिरकप थरांत इजिप्तचा बालदेव हार्पोक्रेटीस याची एक कांस्यमूर्ती सापडली आहे, पण ती अपवादच. दगड आणि काच समुद्र ओलांडून गेले. त्यांचा ताईत करताना प्रत्येक समाजाने आपलीच चिन्हे घेतली. भारतातल्या त्या काळच्या मण्यांत त्रिरत्न, श्रीवत्स, सिंह, कासव, वाघनख असे आकार येतात. सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या तोरणावर अशाच मंगलचिन्हांचे हार कोरलेले आहेत.

हे ताईत अंगावर कसे घालत, हे महाराष्ट्रापेक्षा बंगालमध्ये जास्त स्पष्ट दिसते. तिथल्या उत्तर चोवीस परगणा जिल्ह्यात बेडाचांपा गावाजवळ चंद्रकेतुगडचे अवशेष आहेत. कलकत्ता विद्यापीठाच्या आशुतोष संग्रहालयाने १९५६ पासून तिथे उत्खनन केले. इथल्या भाजक्या मातीच्या यक्षींच्या केसांत शस्त्रांच्या आकाराचे आकडे आहेत आणि अंगावरून तिरप्या गेलेल्या माळांत मासा, मगर अशा आकारांचे ताईत ओवलेले आहेत. कारागिराने प्रत्येक मणी वेगळा दाखवला आहे. याच धाटणीची, १८८३ मध्ये तामलुकला सापडलेली एक मृण्मूर्ती ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे. उत्खननात सुटे मिळालेले मणी कसे ओवायचे, हे या मातीच्या बायका सांगतात.

शिवाय चंद्रकेतुगडच्या मण्यांना एक खास महत्त्व आहे. गंगेच्या गाळाच्या त्या प्रदेशात खणत गेले तरी दगड लागत नाही. गारगोटीसुद्धा बाहेरून आणावी लागते. म्हणून तिथला प्रत्येक कार्नेलियनचा मणी हा दूरच्या व्यापाराचा पुरावाच आहे. ‘पेरिप्लस’ने गंगेच्या मुखाशी ‘गंगे’ नावाची बाजारपेठ सांगितली आहे. तिथून तमालपत्र, मोती आणि सर्वांत तलम मलमल निघे. काही अभ्यासक ती पेठ म्हणजे चंद्रकेतुगडच असे मानतात.

तिसऱ्या शतकात हा सगळा डोलारा खचला. सातवाहनांचे राज्य फुटले, रोमन साम्राज्य यादवी आणि चलनाच्या घसरणीत अडकले. बेरेनिके चौथ्या-पाचव्या शतकांत पुन्हा गजबजले, पण तोवर व्यापाराचा ओघ दक्षिण भारत आणि श्रीलंकेकडे वळला होता. सहाव्या शतकात ते बंदर वाळूखाली गेले. त्याच शतकात सम्राट जस्टिनियनने नाईलवरच्या फायली बेटावरचे इसिसचे मंदिर बंद केले. तांबड्या दगडाच्या गाठीला जिच्या रक्ताचा रंग दिला जाई, त्या देवीची पूजा थांबली. पैठण आणि तेर ही गावे राहिली, पण त्यांची जुनी शहरे पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाच्या, मातीखाली गेली.

या वस्तूंकडे शास्त्राच्या नजरेने पाहणे विसाव्या शतकात सुरू झाले. पेट्री यांनी १९१४ च्या ‘ॲम्युलेट्स’ या ग्रंथात इजिप्शियन ताईतांचे पावणेतीनशे प्रकार लावले. होरेस बेक यांनी १९२८ मध्ये मण्यांच्या आकारांना नेमकी नावे दिली. भारतात हे काम पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मो. गं. दीक्षितांनी केले. कार्नेलियनवर खाराने पांढरी नक्षी उठवलेल्या मण्यांवरचा त्यांचा ग्रंथ १९४९ मध्ये आला, भारतीय काचेच्या इतिहासावरचा १९६९ मध्ये. मराठी वाचकांना त्यांचे नाव सांकळियांच्या मानाने फार कमी ठाऊक आहे, हे बरोबर नाही. दख्खनचा मणी कोणत्या थरातला, कोणत्या पद्धतीने वेज पाडलेला, हे विचारायची सवय त्यांनी लावली.

ती सवय गावोगाव पोचणे बाकी आहे. पहिल्या जोराच्या पावसानंतर तेर आणि पैठणच्या पांढरीवर मणी उघडे पडतात आणि लोक ते वेचतात. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी असे वेचलेले जपले, आणि त्यांच्या संग्रहातून तिथले शासकीय संग्रहालय उभे राहिले. पण सगळेच तसे करत नाहीत. चंद्रकेतुगडच्या अनेक मृण्मूर्ती चोरट्या वाटेने परदेशी गेल्या. अशी चोरटी निर्यात रोखण्यासाठीच पुरावस्तूंचा १९७२ चा कायदा आहे. पांढरीवर मणी दिसला तर जागा टिपून ठेवावी, जमल्यास छायाचित्र घ्यावे, आणि तो जवळच्या संग्रहालयाकडे किंवा पुरातत्त्व विभागाकडे पोचवावा. जागा माहीत असलेला एक मणी जागा हरवलेल्या मूठभर मण्यांपेक्षा अभ्यासकाला जास्त सांगतो.